एल्डन रिंग: मार्गिटपाशी अडकलात? आधी दक्षिणेकडे वळा

एल्डन रिंग हा गेम मध्येच सोडून दिलेल्या लोकांना विचारा, बहुतेकांची गाडी एकाच पुलावर अडलेली असते. स्टॉर्मव्हेल किल्ल्यासमोरचा पूल, धुक्याची भिंत आणि पलीकडे काठी घेऊन उभा असलेला पहिला मोठा बॉस (वाट अडवणारा ताकदवान शत्रू), मार्गिट. खेळणाऱ्यांची लेव्हल जेमतेम १०, हातात सुरुवातीचं हत्यार जसंच्या तसं, कमरेला औषधाचे तीन घोट. पुन्हा पुन्हा मरायचं, वैतागायचं आणि 'हे आपलं काम नाही' म्हणून गेम बंद करायचा.

या गेममध्ये 'ईझी' मोड नाही, मेनूत शोधत बसू नका. सोपं करणाऱ्या वस्तू नकाशाभर पसरून ठेवल्या आहेत, पण वाट दाखवणारी सोनेरी किरणं त्यातल्या बहुतेकांना बगल देऊन तुम्हाला थेट मार्गिटसमोर नेऊन उभं करतात. म्हणून पुढचं सगळं मुख्यतः क्रमाबद्दल आहे: आधी कुठे जायचं, काय उचलायचं, कशाला हात लावायचा नाही. ज्यांनी अर्ध्यात सोडलाय त्यांनी नव्याने सुरू करायची गरज नाही, टप्पा ३ वरून एक नजर फिरवा आणि टप्पा ४ पासून धरा. कथा फोडलेली नाही, पण पहिल्या दोन मोठ्या बॉसबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे.

## टप्पा १: खेळायला बसण्याआधी

फ्रेमरेट. पीसीवर हा गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जात नाही, पण ते ६० तरी स्थिर हवेत. किमान अपेक्षा १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० ची आहे. तुमचं मशीन त्याच्या आसपासचं असेल तर गवत, सावल्या, प्रतिबिंबं सगळं बिनधास्त खाली आणा. पीएस ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेटला प्राधान्य द्या. वार चुकवण्याचा क्षण फार छोटा असतो. चित्र तिथेच अडखळलं तर सरावाचा उपयोग होत नाही.

कंट्रोलर. कीबोर्ड-माउसवर खेळता येतं, खेळणारेही आहेत. पण पहिल्यांदा खेळत असाल तर कंट्रोलर घ्या, साधा असला तरी चालेल.

बटणांची मांडणी. लढाईत वस्तू शोधताना मरणारे फार. डी-पॅडच्या खालच्या बटणाने वस्तू बदलतात आणि तेच बटण दाबून धरलं की यादी पहिल्या वस्तूवर येते. पहिल्या जागी कायम लाल फ्लास्क (जीव भरणाऱ्या औषधाची बाटली) ठेवा, म्हणजे न बघता तिथे पोचता येईल. ज्या वस्तू क्वचित लागतात त्या यादीतून काढून टाका. घोड्याची शिट्टी आणि आत्म्यांची घंटा मिळाली की त्या पाउचमध्ये टाका. प्लेस्टेशनवर त्रिकोण आणि एक्सबॉक्सवर वाय धरून डी-पॅड दाबला की पाउचमधली वस्तू वापरली जाते.

नेटवर्क. जमिनीवर दिसणारे इतर खेळाडूंचे संदेश मजेशीर असतात, पण 'इथे उडी मार' असं सांगून दरीत घालवणारेही असतात. नको असेल तर सिस्टिमच्या नेटवर्क सेटिंगमधून ऑफलाइन खेळा. दुसरा खेळाडू घुसून मारेल या भीतीने ऑफलाइन जायची मात्र गरज नाही. मदतीला कुणाला बोलावलं नसेल आणि मुद्दाम आव्हान दिलं नसेल, तर एकट्यावर कुणी चाल करून येत नाही.

> सावधान: मेनू उघडला तरी गेम थांबत नाही. दाराची बेल वाजली किंवा दूध उतू जायला लागलं तर सिस्टिममधून सरळ 'क्विट गेम' करा. परत आलात की जिथे होता तिथेच उभे असाल. बॉसची लढाई चालू असताना मात्र हे चालत नाही, ती परत पहिल्यापासून करावी लागते.

## टप्पा २: पात्र निवडणं

इथे लोक फार वेळ घालवतात आणि तरी चुकतात. दहा पर्यायांपैकी नवख्याने तिघांचाच विचार करावा.

व्हॅगाबाँड: सर्वांत जास्त व्हिगर, म्हणजे सर्वांत जास्त जीव. शिवाय त्याची ढाल शारीरिक वार शंभर टक्के अडवते. 'रोल करायला (लोळून वार चुकवायला) जमत नाही' म्हणणाऱ्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा.

सामुराई: उचिगाताना तलवार, शत्रूचा रक्तस्राव करणारी. सोबत धनुष्य, त्यामुळे गर्दीतून एकेकाला बाजूला ओढून मारता येतं.

अ‍ॅस्ट्रोलॉजर: लांबून जादूचे दगड फेकतो. सुरुवात फार सोपी जाते, पण जीव कमी असल्यामुळे शत्रू जवळ आला की दोन फटक्यांत खेळ आटोपतो. शिवाय जवळून लढायची सवय लागत नाही आणि पुढे ती नडते.

रेच घेऊ नका. लेव्हल १, अंगावर कपडे नाहीत, हातात सोटा. मित्राने 'खरा अनुभव यातच' म्हणून सुचवला असेल तर त्या मित्राचा सल्ला यापुढे जपून घ्या.

सोबत मिळणाऱ्या भेटवस्तूंमध्ये गोल्डन सीड निवडा. पहिल्याच ग्रेसपाशी (बसून विसावा घ्यायची सोनेरी प्रकाशाची जागा) ती वापरून फ्लास्कचा एक घोट वाढवता येतो.

## टप्पा ३: पहिला तास

१. सुरुवातीच्या चॅपलमध्ये अनेक हातांचा राक्षस येतो. त्याच्याकडून मरणं अपेक्षितच आहे. मरा आणि पुढे चला.

२. त्यानंतर गुहेत एक खड्डा लागतो आणि जवळ बसलेलं भूत उडी मारायला सांगतं. उडी मारा. खाली शिकवणीची गुहा आहे. अनेकजण हा खड्डा सापळा समजून टाळतात, आणि गार्ड काउंटर (ढालीवर वार झेलून लगेच उलट वार), स्टान्स म्हणजे शत्रूचा तोल तोडणं हे शब्द पुढे चाळीस तास त्यांच्या कानावरही पडत नाहीत.

३. बाहेर आल्यावर समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार गस्त घालताना दिसेल. तो ट्री सेंटिनेल. त्याला लांबून वळसा घाला. त्याला आत्ता मारायचं नाहीये.

४. चर्च ऑफ एलेहमध्ये व्यापारी काले बसलेला असतो. त्याच्याकडून ३०० रून्सचं (शत्रू मारून मिळणारं चलन, लेव्हलही यानेच वाढते) क्राफ्टिंग किट घ्या. त्याच चर्चमधल्या ऐरणीवर हत्यार +३ पर्यंत वाढवता येतं, ती जागा लक्षात ठेवा.

५. रस्त्याने उत्तरेला गेटफ्रंट. सैनिकांची छावणी आहे, वाकून मागून जा. तिथल्या ग्रेसपाशी बसलं की मेलिना भेटते. तिच्यामुळे लेव्हल वाढवण्याची सोय होते आणि टॉरेंट हा घोडा मिळतो. छावणीतल्या दगडी खांबापाशी नकाशाचा तुकडा आहे आणि तळघरातल्या पेटीत धार लावायचा चाकू, म्हणजे व्हेटस्टोन नाइफ. चाकूशिवाय हत्यारांचं कौशल्य बदलता येत नाही.

६. आता मागे फिरा. घोडा मिळाल्यावर परत चर्च ऑफ एलेहमध्ये जा. रेना नावाची चेटकीण भिंतीवर बसलेली दिसेल. ती आत्मे बोलावण्याची घंटा आणि तीन लांडग्यांची राख देते. घंटा वाजवली की हे लांडगे लढाईत तुमच्या बाजूने उतरतात. या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा.

> तपासा: घोडा, पश्चिम लिमग्रेव्हचा (सुरुवातीच्या प्रदेशाचा) नकाशा, चाकू, घंटा, लांडगे. पाचही आहेत का? रेना दिसलीच नाही तर घाबरू नका, पुढे राउंडटेबल होल्ड या तळावर जुळ्या म्हाताऱ्यांच्या दुकानात घंटा विकत मिळते.

## टप्पा ४: किरणांकडे पाठ करा

या टप्प्यावर किरण स्टॉर्मव्हेलकडे बोट दाखवत असतो. तिकडे जायचं नाही. दोन कामं आहेत आणि दोन्ही घोड्यावरून होतात.

पूर्वेला, मारिकाचं तिसरं चर्च. मिस्टवुड जंगलाच्या उत्तर कडेला. इथे सेक्रेड टिअर मिळतो, त्याने फ्लास्कचा प्रत्येक घोट जास्त जीव भरतो. इथेच वंड्रस फिजिकचा फ्लास्क मिळतो, त्यात दोन स्फटिकांचं मिश्रण करून दर ग्रेसनंतर एकदा प्यायचं. फुकटचा जादा घोट समजा.

दक्षिणेला, वीपिंग पेनिन्सुला. पूल ओलांडला की हा भाग सुरू होतो. लिमग्रेव्हपेक्षाही सौम्य आहे आणि नवखे इथे जातच नाहीत. इथे तीन सेक्रेड टिअर आहेत: चर्च ऑफ पिल्ग्रिमेज, कॅलू बाप्टिझमल चर्च आणि मारिकाचं चौथं चर्च. मॉर्न किल्ल्याच्या वाटेवर एक सोनेरी रोपटं चमकताना दिसेल, त्याच्या बुंध्याशी गोल्डन सीड असते. असं रोपटं कुठेही दिसलं की घोडा थांबवा.

सीडने घोटांची संख्या वाढते, टिअरने प्रत्येक घोटाची ताकद. दोन्ही ग्रेसपाशी बसून स्वतः वापरावे लागतात. पिशवीत चार टिअर आणि फ्लास्क +०, असे महाभाग कमी नाहीत.

घोट वाटण्याचाही पर्याय ग्रेसपाशीच असतो. तलवारवाल्याने जवळजवळ सगळे लाल ठेवावेत, निळा, म्हणजे एफपी (जादू आणि खास कौशल्यांना लागणारी शक्ती) भरणारा, एखादा पुरे. जादूवाल्याने निम्मे-निम्मे.

> सावधान: आघील तळ्याकाठच्या ड्रॅगन-बर्न्ट अवशेषांच्या तळघरात एक पेटी आहे. उघडली की धूर येतो आणि तुम्ही थेट केलिड या अवघड प्रदेशातल्या एका खाणीत पोचता. तिथले किडे तुमच्या पातळीचे नाहीत आणि खाणीतून बाहेर पडेपर्यंत नकाशावरून पळताही येत नाही. अडकलात तर लढू नका. धावत बाहेर या, उघड्यावर आल्यावर नकाशातून लिमग्रेव्हला परत जा. तिसऱ्या चर्चच्या मागचं निळं द्वारही असंच लांब, भलत्या ठिकाणी नेतं.

## टप्पा ५: आधी हत्यार, मग लेव्हल

'लेव्हल २५ झाली तरी शत्रूला फटका लागत नाही' ही तक्रार वारंवार ऐकू येते. कारण जवळजवळ नेहमी एकच: हत्यार +० वर आहे. सुरुवातीला स्ट्रेंग्थमध्ये (ताकदीच्या गुणात) दोन-चार पॉइंट टाकून जेवढा फरक पडतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त हत्यार +३ केल्याने पडतो.

साध्या हत्याराला +१ साठी २, +२ साठी ४ आणि +३ साठी ६ स्मिदिंग स्टोन लागतात, एकूण १२. ते खाणींत मिळतात. नकाशावर तांबूस कडेची काळी भोकं दिसतील, त्या खाणी. आघील तळ्याच्या उत्तरेला लिमग्रेव्ह टनल्स आहे, वीपिंग पेनिन्सुलात मॉर्न टनल. आत भिंतीत चमकणारे दगड उचलत चला. खाणकामगार स्वतःहून अंगावर येत नाहीत, पण त्यांचं कातडं दगडासारखं असतं, तलवार खणखणते. एखादा सोटा किंवा हातोडा जवळ असेल तर तो काढा.

एकच हत्यार धरा. पाच हत्यारं +१ करून बसलेला माणूस एकच +३ करणाऱ्यापेक्षा कायम मागे राहतो. शोभेची तलवार मिळाली की लगेच दगड ओतायचे, ती जड निघाली की दुसरीत ओतायचे, हा उद्योग फार लोक करतात. नवं हत्यार आधी +० वर चार सैनिकांवर चालवून बघा.

आता लेव्हल. पॉइंट कुठे टाकायचे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पहिल्या टप्प्यात उत्तर साधं आहे: व्हिगर. हत्यार पेलण्यापुरती स्ट्रेंग्थ-डेक्स्टेरिटी झाली की व्हिगर २० पर्यंत न्या आणि पुढच्या प्रदेशांत हळूहळू ४० कडे सरका. ४० ला जीव १४५० होतो, ६० ला १९००. त्यापुढे प्रत्येक पॉइंटमागे फारसं काही मिळत नाही. एका फटक्यात मेलात तर शत्रूचा दुसरा वार कसा येतो हे कळतच नाही. जीव जास्त असला की शिकायला वेळ मिळतो.

पिशवीतले गोल्डन रून साठवून ठेवू नका. ती वस्तू वापरली की रून्स मिळतात, लेव्हलला थोडे कमी पडत असतील तेव्हा ते फोडा. उलट, हातातले रून्स मेल्यावर तिथेच पडतात आणि ते उचलण्याआधी परत मेलात तर कायमचे जातात. म्हणून नव्या बॉसच्या धुक्यात शिरण्याआधी रून्स खर्च करून टाका.

> तपासा: इक्विपमेंटच्या पानावर वजन बघा. भार ७०% च्या खाली असेल तर 'मीडियम' दिसतं आणि रोल नीट होतो. त्याच्या वर गेलात की पात्र धप्पकन पडल्यासारखं लोळतं आणि वार चुकत नाही. 'मला रोलच जमत नाही' म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांची अडचण शिरस्त्राण काढल्यावर सुटते.

## टप्पा ६: हाताला वळण

हे गेटफ्रंटच्या सैनिकांवर करा, बॉसवर नको.

रोल बटण सोडल्यावर होतो. तेच बटण धरून ठेवलं की धावतात, त्यामुळे गेम तुम्ही बटण सोडण्याची वाट बघतो. घट्ट दाबून धरणाऱ्यांचा रोल नेहमी उशिरा होतो. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा. घाबरून तीनदा दाबू नका. दाबलेलं बटण गेम लक्षात ठेवतो, एक रोल संपताच नको असलेला दुसरा सुरू होतो आणि वार नेमका तेव्हा बसतो.

मागे नको, आत. बहुतेक बॉसचे वार लांबवर पोचतात. मागे रोल केलात की टोकाला सापडता. वाराच्या दिशेने, शत्रूच्या बगलेत रोल करा. पहिल्यांदा हे वेडेपणाचं वाटतं.

गार्ड काउंटर. ढालीवर वार झेलला की लगेच जड वाराचं बटण, प्लेस्टेशनवर आर-२. ढाल वापरणाऱ्याला पहिले वीस तास हे एकच अस्त्र पुरतं. उडी मारून दिलेला जड वारही तसाच. दोन्हींनी शत्रूचा तोल सुटतो, तो गुडघ्यावर आला की समोर जाऊन साधा वार द्या, मोठा फटका बसतो.

स्टॅमिना. हिरवी पट्टी रिकामी करू नका. तीन वारांची जागा दिसली तर दोनच मारा, तिसऱ्याचा स्टॅमिना पळायला ठेवा.

लॉक-ऑन, म्हणजे कॅमेरा एका शत्रूवर खिळवणं. माणसाच्या उंचीच्या शत्रूवर ठेवा. ड्रॅगन किंवा प्रचंड राक्षसापुढे काढून टाका, नाहीतर कॅमेरा आकाशाकडे वळतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

## टप्पा ७: मार्गिट

आता पुलाकडे जा. जाण्याआधीची यादी: लेव्हल २० ते २५, हत्यार +३, व्हिगर २० च्या आसपास, फ्लास्कला दोन-तीन टिअर. यातलं काही नसेल तर परत वळा. नुसती जिद्द धरून अर्धी रात्र घालवण्यापेक्षा खाणीतला एक तास स्वस्त पडतो.

१. शिरताक्षणी लांडगे बोलवा. पडद्याच्या डाव्या बाजूला आत्म्याचं चिन्ह दिसलं की बोलावता येतं. ५५ एफपी लागतात, तेवढे शिल्लक आहेत का हे आधीच बघा. नाहीतर घंटा वाजते आणि येत कुणीच नाही. 'राख वापरणं म्हणजे फसवणूक' असं ऐकवणारे भेटतील. गेम बनवणाऱ्यांनीच ती सुरुवातीला हातात ठेवली आहे, वापरा.

२. रॉजिए. धुक्याच्या भिंतीजवळ जमिनीवर सोनेरी खूण दिसेल. तिला हात लावला की जादूगार रॉजिए मदतीला येतो. त्याने बॉसचा जीव थोडा वाढतो, पण मार्गिटचं लक्ष तीन-चार ठिकाणी वाटलं जातं, आणि नवख्याला त्याचाच खरा फायदा.

३. बेडी. मर्कवॉटर केव्हमध्ये पॅचेस नावाचा लुच्चा आहे. अर्धा जीव गेला की तो शरण येतो, तेव्हा हात थांबवा. मग त्याच्याकडे ५००० रून्सना मार्गिट्स शॅकल मिळते. ती पहिल्या भागात दोनदा मार्गिटला जमिनीला खिळवते. परवडत असेल तर घ्या.

४. थांबून येणारा वार. मार्गिट काठी वर उचलतो आणि धरून ठेवतो. उचलताना रोल केलात की मेलात. काठी खाली यायला लागली की रोल करा. पहिल्या दोन-तीन खेपांत एकही वार न मारता नुसतं हेच बघा.

५. औषध. तुम्ही समोर उभं राहून प्यायला लागलात की तो सुरा फेकतो. लांडगे त्याला झोंबलेले असताना किंवा त्याचा मोठा वार नुकताच संपल्यावर प्या.

जीव निम्म्यावर येण्याच्या जरा आधी मार्गिट प्रकाशाचा हातोडा काढतो. तेव्हा थोडं दूर राहा, त्याची उडी येऊ द्या, तो उतरला की एकच वार.

आणि तरीही जमलं नाही तर? किल्ल्याच्या पूर्वेकडून कड्याच्या कडेने एक वाट लिउर्निया या पुढच्या प्रदेशात जाते. मार्गिट आणि अख्खा किल्ला बाजूला ठेवून पुढे जाता येतं, वरच्या पातळीचे दगड उचलून परत येता येतं. हा पळपुटेपणा नाही, वाट गेमनेच ठेवली आहे.

## टप्पा ८: किल्ला आणि गॉड्रिक

दारातला गोस्टोक बाजूच्या वाटेने जा म्हणतो. त्याचं ऐका, पुढच्या दारावर बाणांची यंत्रं रोखलेली आहेत. त्याच्यावर विश्वास मात्र इतकाच: किल्ल्यात तुम्ही मेलात की तो तुमच्या रून्समधला वाटा गुपचूप लाटतो.

किल्ल्यात सावकाश चला. दाराआड आणि कोपऱ्यांमागे लपलेले शत्रू भरपूर आहेत. नेफेली लू ही योद्धा भेटली तर तिच्याशी बोलणं संपेपर्यंत बोला, म्हणजे किल्ल्याचा बॉस गॉड्रिक याच्या धुक्यापाशी तिची सोनेरी खूण मिळते. गॉड्रिक मार्गिटपेक्षा मंद आहे. दुसऱ्या भागात त्याच्या हाताला ड्रॅगनचं तोंड येतं, आग सुरू झाली की पाठ न दाखवता बाजूने पळत त्याच्या मागे जा.

तो पडल्यावर मिळणारा ग्रेट रून आपोआप लागू होत नाही. किल्ल्यातून पुलावरून लिमग्रेव्हच्या डिव्हाइन टॉवरला जाऊन तो जागा करावा लागतो, ग्रेसपाशी निवडावा लागतो आणि मग रून आर्क ही वस्तू वापरली की सगळे गुण ५ ने वाढतात. मेलात की परिणाम संपतो, म्हणून आर्क अवघड बॉसच्या दारात फोडा.

पॉइंट चुकीचे टाकले असं वाटत असेल तर पुढे राया लुकारिया अकादमीत रेनालाला हरवल्यावर लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन सगळे पुन्हा वाटता येतात. पण त्याआधी लिउर्नियात राया लुकारिया क्रिस्टल टनल गाठा. तिथला स्फटिकाच्या अंगाचा बॉस, क्रिस्टलियन, पडला की मिळणारी बेल बेअरिंग राउंडटेबलच्या म्हाताऱ्यांना द्या, पहिल्या दोन पातळ्यांचे स्मिदिंग स्टोन त्यांच्याकडे हवे तेवढे विकत मिळायला लागतात. क्रिस्टलियनवर तलवार चालवत बसू नका, त्याला ठोकणारं हत्यार लागतं: सोटा, गदा, हातोडा. काही फटक्यांत त्याचा तोल सुटतो आणि त्यानंतर तुमची नेहमीची तलवारही चालते.